घोटीकरांचं आठवं कारण

घोटीकरसाहेब कुणाच्या घरी गेले म्हणजे त्या घरात चौदावा होऊन गेलेला असायचा आणि वाटणी व्हायची असायची. मधल्या दिवसांतले ते पाहुणे. फोटोवरचा हार अजून पुरता सुकलेला नसायचा, भावंडं वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली असायची, आणि चहा आणणारी सून कप ठेवताना कुणाकडेच बघायची नाही. साहेब चहा घ्यायचे नाहीत. "आधी काम," म्हणायचे, आणि गुडघे टेकून खुर्चीखाली वाकायचे.

जुन्या लाकडी सामानाचं वय आणि किंमत सांगणं हा त्यांचा धंदा. कॅम्पातल्या एका लिलावघरात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. ते बंद पडलं तेव्हा बुधवार पेठेत, रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या माथ्यावर, एका खोलीत स्वतःचं ऑफिस थाटलं. नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी तिथे टाइपिंगला लागले.

मी कांबळे. आमच्या सबंध घराण्यातली पहिली पदवीधर. बी.कॉम. झाले ते सकाळी कॉलेज आणि दुपारी कापडाच्या दुकानात उभं राहून, आणि हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. वडील लाकूडबाजारात हमाल होते. साहेब ज्या कपाटांचं वय सांगत, तसली कपाटं वडिलांनी पाठीवरून जिने चढवली होती. आमच्याकडे वारशानं आलेलं सामान म्हणजे एक लोखंडी ट्रंक. साहेबांनी मला पहिल्या दिवसापासून 'अहो कांबळेबाई' म्हटलं. बावीस वर्षांच्या मुलीला तेव्हा ऑफिसात कुणी अहो म्हणत नसे, म्हणून ते लक्षात राहिलं.

माणूस उंच, वाकलेला, कायम पांढरा शर्ट. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी तंबोऱ्याच्या तारेचा वीतभर तुकडा. लाकडाला किडीची भोकं असली की ती तार हळूच आत सरकवायचे. वळत वळत गेली तर मान डोलवायचे. सरळ गेली की तार पुसून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "किडा सरळ चालत नाही. सरळ भोक दिसलं की समजायचं, इथे माणूस होता."

वस्तू समोरून बघायची नाही हा त्यांचा नियम. "समोरून सगळेच बरे दिसतात." ते खण बाहेर काढायचे, आत नाक घालून डोळे मिटून घ्यायचे, आणि तेवढा वेळ सगळं घर श्वास धरून उभं राहायचं. मग खण उलटा करून तळाच्या फळीवर करवतीच्या खुणा शोधायचे. हाताच्या करवतीची रेघ सरळ पण वेडीवाकडी, यंत्राची कमानीसारखी. जुन्या स्क्रूची खाच मधोमध नसते, टोक बोथट असतं. जुन्या लाकडाच्या पोटाला कुणी पॉलिश केलेलं नसतं. तिथे पॉलिश असेल तर कुणीतरी काहीतरी झाकलेलं आहे.

सदाशिव पेठेत दोन भावांकडे एक गोल टेबल होतं. थोरले म्हणाले, पणजोबांच्या वेळचं. साहेबांनी टेप काढली, एकदा उभं मोजलं, एकदा आडवं.

"लाकूड आडवं आटतं, उभं आटत नाही," ते म्हणाले. "शंभर वर्षांत गोल टेबल गोल राहत नाही. तुमचं अजून अगदी गोल आहे."

"अहो, पण पणजोबांनी स्वतः..."

"पणजोबा जुने असतील. टेबल नाही."

धाकटा हसला. थोरल्याने त्याच्याकडे असं बघितलं की ते हसू तिथेच जिरलं. जिना उतरताना साहेब म्हणाले, "वय लाकूड सांगतं, कांबळेबाई. किंमत भांडण सांगतं. वारस एकच असेल तर ते जुनं टेबल. दोन असले की ॲन्टिक."

त्यांच्या स्वतःच्या घरी एकही जुनी वस्तू नव्हती. बायको लवकर गेलेली, मुलगी इंदूरला. दोन लोखंडी घडीच्या खुर्च्या आणि एक कॉट. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "माझ्यामागे कुणी काही पालथं घालायला नको."

अशा प्रत्येक घरी निघताना, सगळं बघून झाल्यावर, ते घरातल्या वयस्क माणसाला काहीतरी विचारायचे. एका निवृत्त हेडमास्तरांना विचारलं, "लहानपणी या कपाटाशी तुमचं काय होतं?" मास्तर एवढंसं हसले आणि बोलता बोलता त्यांचा हात कपाटाच्या मागच्या कोपऱ्याकडे, गुडघ्याच्या उंचीवर गेला. साहेब वाकून तिथे बघून आले आणि सही केली. मला वाटलं, गप्पा मारतायत. म्हाताऱ्या माणसांना बरं वाटावं म्हणून.

तेव्हा त्यांचा दाखला दोन ओळींचा असायचा. वस्तू अंदाजे इतक्या वर्षांची, किंमत इतकी, सही. मला ते पटायचं नाही.

"साहेब, परीक्षेत नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क मिळत नाहीत," मी म्हटलं. "कारणे द्या, असं असतं."

"मला कुणी मार्क द्यायचे राहिलेत?"

"वकील विचारतात हल्ली. आणि आपल्याकडे आता कॉम्प्युटर आहे."

ते खिडकीतून खालच्या गर्दीकडे बघत म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. घ्या लिहून." आणि त्यांनी कारणं सांगितली. करवत, स्क्रू, सांधे, आटणं, कीड, पोट, वास. सात झाली. मी विचारलं, आणखी आहे?

"आठवं आहे. ते राहू दे."

"का?"

"लिहिलं की ते कारण राहत नाही."

मला ती जुन्या माणसांची खोड वाटली. घरातली पहिली पदवी म्हणजे कसं असतं, आपल्याला कळलेलं सगळं कागदावर आणावंसं वाटतं. सात कारणांचा तो नमुना मी कॉम्प्युटरवर बसवला. प्रत्येक वस्तूला प्रत्येक कारणाखाली तीन-चार ओळी. प्रिंट काढली की अशी देखणी दिसायची की मी एक घरी नेऊन वडिलांना दाखवली होती. वाचता येत नव्हतं त्यांना. त्यांनी कागद धुतल्या हातांनी धरला.

दाखल्यांचं नाव झालं. तोवर शहरही बदलत चाललं होतं. औंध-बाणेरला नव्या इमारती उठत होत्या, कंपन्यांतली पोरं पंचविशीत फ्लॅट घेत होती, आणि त्यांना त्यात आजोबांचं टेबल हवं होतं, आजोबा कुणाचे का असेनात. जुन्या सामानाचे दलाल ऑफिसात यायला लागले. त्यातला एक नेहमी पांढऱ्या सफारीत. येताना पेढे आणायचा, साहेब नसताना यायचा, आणि जुन्या दाखल्यांच्या झेरॉक्स मागायचा. गिऱ्हाइकाला नमुना दाखवायला, म्हणायचा. मी द्यायची. मला त्यात अभिमान होता.

"मॅडम, तुमचे रिपोर्ट वाचायला मजा येते," तो एकदा म्हणाला. "शाळेत बसल्यासारखं वाटतं. सगळं शिकून होतं."

त्यानंतर वर्षभरात केव्हातरी ते सुरू झालं. आधी एका दुकानातलं गोल मेज. साहेबांनी तार आत घातली, ती वळत वळत गेली. टेप लावली, आडवं दोन दोरे, म्हणजे पाव इंच, कमी भरलं. स्क्रूची खाच बाजूला. खणात नाक घातलं आणि ते तसेच बसून राहिले. उठले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं, साहेब?"

"काही नाही. सगळं आहे."

दुसऱ्या आठवड्यात एक कपाट, मग खुर्च्यांची जोडी. प्रत्येक वस्तू विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची, आणि त्याच क्रमानं द्यायची. एका संध्याकाळी खालच्या दुकानाचं शटर पडताना ऐकू आलं, आणि साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "कांबळेबाई, या वस्तू आपलं टिपण वाचून आल्यात."

मी पेढ्यांचा रिकामा पुडा उचलून टोपलीत टाकला. सफारीवाला त्यानंतर पेढे घेऊन आला नाही. त्याला आता झेरॉक्स नको होत्या.

या दिवसांत कर्वेनगरहून श्रीकांत नावाच्या गृहस्थांचा फोन आला. वडील वकील होते, ते वारले. बंगला बिल्डरला द्यायचा होता. एक बहीण, सुमनताई. बहिणीनं बंगल्यावरचा हक्क सोडून द्यायचा आणि भावानं तिला आईवडिलांची एखादी चांगली वस्तू द्यायची, ही पुष्कळ घरांतली रीत. इथे ती वस्तू म्हणजे वडिलांचं शिसवी टेबल. त्याला दाखला हवा होता, म्हणजे बहिणीला काही कमी दिलं असं कुणी म्हणायला नको.

टेबल देखणं होतं. सातही कारणं एकामागून एक बरोबर आली. साहेब म्हणाले, "बहीण कुठे आहेत?"

"ती खडकवासल्याला असते. सहीला येईल ना परवा, रजिस्ट्रारकडे. गुडघे दुखतात तिचे, कशाला दोनदा त्रास."

साहेबांचा हात टेबलावर होता. तो उचलेना. आम्हाला अकराला दुसरीकडे पोचायचं होतं. मी म्हटलं, "साहेब, उशीर होतोय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

फाटकाबाहेर येऊन ते थांबले. "सगळं बरोबर आलं, कांबळेबाई."

"मग चांगलंच की."

"खऱ्या वस्तूत एखादं तरी कारण चुकतं. कुणीतरी मध्ये स्क्रू बदलतो, कुणी खणाला नवी फळी लावतो. माणसं वापरतात ना. सगळं बरोबर कधी येतं?"

तीन आठवडे गेले. मग एका शनिवारी म्हणाले, "उद्या खडकवासल्याला जायचंय. याल का?"

सुमनताईंचं घर धरणाच्या अलीकडे, पाटबंधारे खात्याच्या जुन्या वसाहतीजवळ. दोन खोल्या. यजमान निवृत्त क्लार्क, बाहेर पेपर वाचत बसलेले. आमचं नाव ऐकून ते उठून उभे राहिले. "या, या. तुमच्या कागदानं घरात शांतता आणली हो. मी तर म्हणत होतो, बंगला सोडून लाकूड घेऊन आलीस. तो कागद बघितला आणि तोंड बंद केलं." आत टेबल खिडकीपाशी होतं, आणि त्याच्या वर, काचेच्या चौकटीत, आमचा दाखला. माझी सात कारणं, माझ्या फॉन्टमधली.

सुमनताईंनी चहा ठेवला. साहेबांनी तो घेतला. त्यांना कुणाच्या घरी चहा घेताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "लहानपणी या टेबलाशी तुमचं काय होतं?"

"बाबा वर लिहायचे, मी खाली बसायची."

"खाली कुठे?"

त्यांचा हात न बघता टेबलाखाली डावीकडे गेला आणि तिथे थांबला. शोधलं नाही त्यांनी. नुसता थांबला.

तेव्हा मला आठवं कारण कळलं. ते लाकडात नव्हतंच. ते वारसाच्या हातात असायचं.

"तुम्हाला उशीर झाला," सुमनताई हळू आवाजात म्हणाल्या. "टेम्पोतून उतरवलं त्याच दुपारी मी हात घालून बघितला. लाकूड गुळगुळीत. दर वर्षी पास झाले की कर्कटकानं एक रेघ ओढायची मी तिथे. बाबांच्या टेबलाला अकरा रेघा होत्या. पहिलीच्या आधी 'सु' काढलेला, उलटा."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला? सही झालेली. खरं टेबल भावानं कुठे विकलं असेल, देव जाणे. आणि बोलून काय, भाऊबीजेला जायचं कुठे?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "तो कागद मला परत द्या. मी दुसरा लिहून देतो. खरा."

"नाही," त्या म्हणाल्या. बाहेर पेपरचं पान उलटल्याचा आवाज झाला. "त्या कागदावर मी या घरात उभी आहे. तो काढलात तर उद्या हे विचारतील, मग काय घेऊन आलीस."

परत येताना बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. धरणाची भिंत मागे गेल्यावर म्हणाले, "माझी सही खोट्याखाली आहे, आणि ती परत मागायचा हक्क मला नाही."

"चूक माझी आहे, साहेब. झेरॉक्स मी दिल्या. घाईही मीच केली."

"तुम्ही कारणं लिहिलीत. सही करताना आठवं माझ्याकडे होतं." ते एवढंच म्हणाले. माझ्यावर रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर त्यांनी एकही दाखला दिला नाही. फोन आला की "घोटीकर आता बघत नाहीत" असं मला सांगायला लावायचे. दोन महिन्यांनी ऑफिस बंद केलं. मला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी लागली, चार मजली काचेची इमारत, सगळं टेबल-खुर्ची-सामान एका दिवसात ट्रकमधून आलेलं, वय शून्य. मला तिथे झोपेतून उठल्यासारखं बरं वाटायचं.

वर्ष-दीड वर्ष गेलं. एक दिवस साहेबांचा फोन.

"कांबळेबाई, रविवारी मोकळ्या आहात? टॉर्च धरायला कुणीतरी हवंय."

सुमनताईंनी त्यांना बोलावलं होतं. त्यांचा मुलगा निखिल अमेरिकेत होता, कॉम्प्युटरमध्येच. तो आठ दिवसांनी यायचा होता आणि आजोबांचं टेबल तिकडे न्यायचं म्हणत होता. अकरा रेघांची गोष्ट ऐकतच तो वाढला होता. आल्या आल्या तो खाली हात घालणार.

"तो माझ्यासारखा नाही," रविवारी आम्ही पोचल्यावर सुमनताई म्हणाल्या. "तो मामाला कोर्टात उभा करेल. हे त्याला साथ देतील. मग मला ना इकडचं घर ना तिकडचं." यजमानांना त्यांनी मुद्दाम भाजीला पाठवलं होतं. "साहेब, कागद तुम्ही दिलात. आता तो खरा करून द्या."

साहेबांनी वाद घातला नाही. मला वाटतं, त्यांनी तो फोनवरच घालून संपवला होता. सुमनताईंनी कंपासपेटीतलं जुनं कर्कटक पुढे केलं. वडिलांनी घेऊन दिलेलं, तेवढं खरं होतं. साहेब फरशीवर आडवे झाले आणि पाठीवर सरकत टेबलाखाली गेले. मी टॉर्च धरून बसले. आधी त्यांनी उलटा 'सु' काढला.

"पहिली रेघ. वय किती?"

"सहा असेल."

"हात कोवळा." त्यांनी इतकी हलकी रेघ ओढली की मला ती टॉर्चमध्येही नीट दिसेना. "दुसरी?"

"तेव्हा मी बाबांवर रुसले होते."

ती त्यांनी दाबून ओढली. तिसरी, चौथी. प्रत्येक रेघेला ते विचारत होते, बसायचात कशा, उजवा हात की डावा, कुणी बघेल म्हणून घाई होती का. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटेपण ज्या बोटांनी ओळखलं, ती बोटं काय काय जाणत होती ते मी त्या दिवशी पाहिलं. मला भीती वाटली. सफारीवाल्याची माणसं त्यांच्यापुढे पोरं होती.

"अकरावी?"

"ती बाबांनी ओढली. मी अकरावीच्या परीक्षेला बसलेच नाही. लग्न ठरलं. ते काही बोलले नाहीत, एक दिवस बघितलं तर रेघ होती."

टेबलाखाली त्यांनी कर्कटक शर्टाला पुसलं. मग त्यांनी ती रेघ ओढली. मोठ्या माणसाच्या हाताची, सावकाश, एकदाच. रेघा जुन्या दिसाव्यात म्हणून काजळी आणि मेण बोटानं भरलं, तळहातानं घासलं, पुन्हा घासलं. बाहेर आले तेव्हा शर्ट काळा झाला होता.

"हात घाला," ते म्हणाले.

सुमनताईंनी खिडकीबाहेर बघत हात खाली घातला. हात गेला तो थेट तिथे जाऊन थांबला. बोटं एकेका रेघेवरून सरकत गेली, शेवटच्या रेघेवर थांबली, आणि बराच वेळ तिथेच राहिली. त्या रडल्या नाहीत. त्यांनी साहेबांना हात धुवायला साबण दिला.

निखिल आला आणि टेबल घेऊन गेला. कुणालाही काही कळलं नाही. सुमनताई अजून दरवर्षी भाऊबीजेला भावाच्या नव्या फ्लॅटवर जातात, असं मला त्यांनीच एकदा सांगितलं. साहेब पुढे मुलीकडे इंदूरला गेले आणि तिकडेच वारले. मला उशिरा कळलं. त्यांच्या दोन लोखंडी खुर्च्यांचं काय झालं, माहीत नाही.

त्या रविवारी आम्ही बस थांब्यावर उभे होतो. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "झालं, साहेब."

"हो," ते म्हणाले. "सगळं बरोबर आलं."

बस आली. मी चढले, मागे वळून हात दिला तर ते जागेवरून हलले नव्हते. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले. बस सुटली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. तंबोऱ्याची तार खिशात चमकत होती. त्यांनी उजवा हात अंगापासून लांब धरला होता, वाटेत कुणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू धरावी तसा.